तेल प्यालेला दात

अमरावती, ६ फेब्रुवारी १९३४

प्रिय शालिकराम,

नमस्कार. खुशाली विचारायला तोंड लागतं, पण मास्तरकी करून माझं तोंड पुरतं निबर झालं आहे, म्हणून विचारतो. घरी सगळे बरे आहेत ना? मृगाच्या बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली असेल.

रविवारी अकोल्याहून तू न जेवता निघून आलास. मंडळाची बैठक उठल्यावर वामनराव वकिलांकडे तुझं पान मांडलेलं होतं. पडवीत मांडलं होतं हे खरं, पण मांडलं होतं. तू कुठे गेलास म्हणून मी फाटकापर्यंत आलो. पुढे बडनेऱ्याला गाडी बदलताना सगळ्या डब्यांत डोकावून पाहिलं. तू दिसला नाहीस.

तू रागावला आहेस. पण शांतपणे विचार कर, झालं तरी काय? आपण दोघांनी दोन हिवाळे सालबर्डीच्या डोंगरात चुनखडी फोडून जे दात जमवले, ते पाहायला विज्ञान मंडळानं नागपूरहून प्रोफेसर बोलावले. त्यांनी एकेक दात भिंगाखाली धरला, कडेचे करवतीसारखे बारीक दाते नखानं चाचपले आणि म्हणाले, हे राक्षसी सरड्यांचेच दात, इंग्रजीत डायनासोर म्हणतात त्यांचे. तू दाराशी उभा होतास. तुझा चेहरा मी पाहिला, आपल्या वर्गात पहिला नंबर आल्यावर व्हायचा तसा झाला होता. हे विसरू नकोस. ते दात खरे ठरले आहेत.

राहिला तो मोठा, अखंड दात. त्यांनी सुई लाल करून त्याच्या बुडाला टेकवली आणि वास आला. ताज्या हाडाला केस जळल्यासारखा वास येतो, लाखो वर्षं दगडात राहिलेल्याला येत नाही, ही परीक्षा तुला मीच शिकवली होती. ते म्हणाले, हा वाघाचा सुळा आहे, कानशीनं घासून दाते पाडले आहेत, आणि मास्तरांना सापडावा म्हणून कोणीतरी चुनखडीत दडवून ठेवला आहे. मग सगळे तुझ्याकडे पाहू लागले. वामनरावांनी विचारलं, "काय रे, तू ठेवला होतास का?" तू म्हणालास, "मास्तरले इचारा." आणि मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही."

गडबडीत माणसाच्या तोंडून काहीही निघतं. एवढी मोठी मंडळी, त्यात तो प्रोफेसर चष्म्यावरून बघतोय. माणसं अशा गोष्टी चार दिवसांत विसरतात. तूही मनावर घेऊ नकोस.

दात माझ्याकडे सुखरूप आहे. तुझ्या आईला, माणिकमावशींना सांग, शिवरात्रीच्या आत आणून देतो.

तुझा
कमलाकांत


अमरावती, १७ फेब्रुवारी १९३४

प्रिय शालिकराम,

उत्तर नाही. शिवरात्रही होऊन गेली आणि मी आलो नाही. शाळेची तपासणी होती. तपासणी खरंच होती, हवं तर कोणालाही विचार.

आमच्या गोदावरीनं काल मला टेबलाशी पाहिलं आणि म्हणाली, "आज तिसरा कागद फाडून राहिले तुम्ही. एवढं काय अवघड आहे त्या माणसाला लिहिणं?" मी म्हणालो, शाळेचं काम आहे. तिनं फाडलेले तुकडे उचलले, वाचले नाहीत आणि बंबात घातले. तिचं हे न वाचणं मला फार लागलं.

तू मनात म्हणत असशील की मास्तरला ठाऊक होतं. हो, होतं. बांधावरच्या ओट्यावरचा तुमचा दाढोबा मी काय आज पाहतोय? तुझ्या आजोबांना नाल्यात सापडलेला तो दात. तेव्हापासून दर सोमवारी त्यावर जवसाचं तेल, वर शेंदूर. म्हैस व्याली की पहिला चीक त्याच्यावर. पोराला दात येताना ताप चढला की गावातल्या बाया त्याला दुधाचं बोट लावायला येतात. हाडाला बारीक छिद्रं असतात, ती सगळं पीत जातात. तीन पिढ्या तेल आणि दूध प्यालेल्या दाताला तापलेली सुई लावली तर वास येणारच. वास दाताचा नव्हता, त्याला पाजलेल्या दुधातेलाचा होता. प्रोफेसरांनी सुई टेकवली त्याच क्षणी हे माझ्या ध्यानात आलं.

मग मी बोललो का नाही, असं तू विचारशील. ऐक. या शास्त्रात दात नुसता खरा असून भागत नाही. तो कुठल्या डोंगरात, कुठल्या थरात, कोणाच्या हातानं निघाला, याला दाताइतकीच किंमत असते. आणि मंडळाला पाठवलेल्या टिपणात त्या दाताबद्दल "सालबर्डीच्या चुनखडीतून छिन्नीने काढला" असं लिहिलं गेलं होतं. ओट्यावरचा म्हटलं असतं तर टिपण खोटं पडलं असतं. एकाची जागा खोटी म्हटल्यावर बाकीच्यांची कोण धरतो? सगळा संग्रह कचऱ्यात गेला असता. त्यात तुझीही मेहनत आहे. तुझ्या पायावर छिन्नी पडून नख गेलं, ते काय उगाच? म्हणजे एका अर्थी मी गप्प बसलो ते आपल्या दोघांसाठी.

हे वाचून तुला पटेल असं मला लिहिताना वाटत होतं. आता वर वाचून पाहिलं तर मलाच पटत नाही. तरी पाठवतो.

मंडळाच्या छापील अहवालात तुझं नाव येणार नाही एवढं मी करीन. ते लिहिण्याचं काम माझ्याकडेच आहे. मग तर झालं?

कमलाकांत


अमरावती, ४ मार्च १९३४

शालिकराम,

आज तुला पाहिलं. इतवाऱ्याच्या बाजारात तू गाडीवरून संत्री उतरवत होतास. मी भाजीची पिशवी घेऊन तुझ्याकडेच येत होतो, देवाशपथ. तेवढ्यात तो जाडा अडत्या ओरडला, "काहो दातवाले, संत्रं तरी झाडाचंच हाये ना? का तेबी कानशीनं घासून आनलं?" बाजूचे हमाल हसले. एका बाईनं हातात घेतलेलं फळ उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. किडकं बाजूला, चांगलं बाजूला, तुझा हात चालूच होता.

मी पानठेल्याच्या आड झालो. मग मागच्या गल्लीनं घरी आलो. भाजी आणलीच नाही.

अकोल्याची गोष्ट अमरावतीच्या बाजारात कशी पोचली? वकिलांच्या दिवाणखान्यातून पोचली, दुसरीकडून कुठून? माणसं चार दिवसांत विसरतात असं मी तुला लिहिलं होतं.

आता जे लिहितो ते एका दमात लिहितो, नाहीतर हा कागदही बंबात जाईल.

"लिहिलं गेलं होतं" असं मी तुला मागच्या पत्रात लिहिलं. लिहिलं गेलं नव्हतं. मी लिहिलं होतं. माझ्या टेबलाशी बसून, शाळेच्या शाईनं, चांगलं वळणदार. डोंगरात सापडलेले आपले सगळे दात तुटके. कोणाचं टोक नाही, कोणाचं बूड नाही. आणि तुमच्या बांधावर बोटाएवढा लांब, अखंड, दोन्ही कडांना दाते असलेला दात शेंदूर खात बसलेला. तो संग्रहात असता तर कलकत्त्यापर्यंत नाव गेलं असतं. कोणाचं? माझंच. टिपणावर तुझं नाव कुठेच नव्हतं. "स्थानिक मजुराच्या मदतीने" एवढं होतं. तुला शास्त्रातले इंग्रजी शब्द अडतील म्हणून वाचून दाखवताना मी ही ओळ आणि दाताच्या जागेची ओळ, दोन्ही गाळल्या.

मॅट्रिकला माझ्या शेजारच्या बाकावर बसलेला माणूस मी मजूर लिहिला.

दात मागायला मी आलो तेव्हा तुझ्या मनात नव्हतं. तू म्हणालास, "मायले इचार." मावशींनी ओट्यावरून तो उचलला, पळसाच्या पानात ठेवला आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मास्तर, लेकरू नेल्यावानी न्या. शिवरातीले परत पाह्यजे." मी घरी आलो आणि मोरीत बसून रिठ्याच्या पाण्यानं, ब्रशानं त्याचा शेंदूर खरवडून काढला. चुनखडीतून निघालेल्या दाताला शेंदूर कसा असेल? गोदावरी दारात येऊन म्हणाली, "कोणाचा देव घासून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, नमुना आहे.

आणखी एक. बडनेऱ्याला तुला डब्याडब्यांत शोधलं असं लिहिलं होतं. शोधलं नाही. तू फलाटावर नळापाशी उभा होतास, ओंजळीनं पाणी पीत होतास. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ते उलटं धरलं होतं हे मला समोरच्या उतारूनं सांगितलं.

परवा वामनरावांचं पत्र आलं. अहवालात तुझं नाव, गाव, सगळं घालायचं ठरलं आहे, म्हणजे पुढे कोणी फसणार नाही. आणि ते लिहायचं मी, कारण मी तुझा मित्र आहे, माझ्या हातचं आलं तर कोणी आकस म्हणणार नाही. तुझं नाव येणार नाही असं मी तुला कबूल केलं होतं. माझ्या शब्दाला ते तिकडे विचारतही नाहीत.

अठरा तारखेला अकोल्यात बैठक आहे. मी उभा राहून सांगणार आहे. दात ओट्यावरचा आहे, जागा मी खोटी लिहिली, वास तेलादुधाचा आहे. मग संग्रह जाऊ दे. मास्तरकी गेली तरी जाऊ दे. नाही, मास्तरकी जाऊ नये असं मला वाटतं. पण सांगणार आहे.

क.


अकोला, १९ मार्च १९३४

शालिकराम,

सांगितलं. सगळं सांगितलं, आणि जे झालं ते तुला कळवताना मला आधीच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त लाज वाटते आहे.

दिवाणखाना भरलेला होता. प्रोफेसरही आले होते, त्यांचं संध्याकाळी व्याख्यान होतं. मी उभा राहिलो. आवाज चांगला निघाला. म्हणालो, तो दात मी डोंगरातून काढला नाही, शालिकरामच्या शेतातल्या देवाच्या ओट्यावरून आणला. टिपणातली ओळ माझी, खोटी. त्याला तेल आणि दूध मुरलेलं आहे म्हणून वास आला. शालिकरामनं कोणाला फसवलं नाही. फसवलं मी. त्या दिवशी "मला कल्पना नाही" म्हणालो तेही खोटं.

मग वामनराव उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला मिठी मारली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मित्र असावा तर असा! एका माळ्यासाठी स्वतःची अब्रू पणाला लावतो आहे."

टाळ्या झाल्या, शालिकराम. माझ्यासाठी टाळ्या झाल्या.

मी ओरडलो, अहो, मी खरं सांगतोय! ते आणखीच गहिवरले. एक डॉक्टर म्हणाले, "हे औदार्य आहे मास्तर, पण शास्त्रात औदार्य चालत नाही." प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "भावना समजली. पण सुई कोणाची भीड धरत नाही." मी म्हणालो, सुईनं तेलाचा वास घेतला. ते म्हणाले, "तसं असेल तर दाताच्या आत वास येणार नाही, तेल एवढं खोल जात नाही. फोडून पाहा." मग हसले. "पण आता कशाला? मित्राची लाज आणखी उघडी पडेल."

कबुली दिली की डोक्यावरचं ओझं उतरतं असं मी पोरांना निबंधात लिहायला लावतो. इथे मी कबुली दिली आणि हार घालून घेतला. हार खरंच होता, प्रोफेसरांसाठी आणलेला, वामनरावांनी तो मला घातला. माझ्या शब्दावर तू चोर ठरलास तेव्हा माझा एक शब्द पुरला होता. तुला सोडवायला माझे शंभर शब्द पुरले नाहीत, कारण मी भला माणूस आहे असं त्यांनी ठरवून टाकलं आहे आणि तू कसा आहेस हेही.

अहवाल आता वामनराव स्वतः लिहिणार आहेत. एप्रिलच्या बैठकीत वाचला की छापायला जाईल. त्यात तुझं नाव आहे. पुढच्या ओळीत माझ्या थोर मनाचा उल्लेख आहे.

आता एवढंच उरलं आहे. दात फोडला तर तुझं नाव सुटेल. दात माझ्या खिशात होता, तिथल्या तिथे फोडू शकलो असतो. फोडला नाही. या वेळी भित्रेपणानं नाही, किंवा असेलही, मला आता माझं काही खरं वाटत नाही. पण तो तुमचा देव आहे. मागच्या खेपेला तुमच्या देवाचं काय करायचं ते मी ठरवलं होतं. तुमच्या गावावरून मालाची ने-आण करणाऱ्या देवीदासची लॉरी उद्या वरूडकडे जाते आहे. त्याच्या हाती हे पत्र आणि दात पाठवतो आहे. पळसाचं पान मिळालं नाही, माझ्या धुतलेल्या उपरण्यात गुंडाळला आहे. फोडायचा की ठेवायचा, ते तू आणि मावशी ठरवा. ठेवलात तर मी काही म्हणणार नाही. छापून आलेला प्रत्येक अहवाल मी घेऊन जाळीन, हे मात्र म्हणू शकतो, पण तेही बोलणंच आहे.

कमलाकांत


बडनेरा स्टेशन, ८ एप्रिल १९३४

शालिकराम,

तू परवापासून धामणगावला माल चढवायला गेला आहेस असं समजलं. म्हणून आज काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते तुला माझ्याकडून कळावं लागतं आहे, ही आणखी एक वाईट गोष्ट.

आज बैठकीत प्रोफेसरांसमोर वामनराव अहवाल वाचायला उभे राहिले आणि दारात माणिकमावशी आल्या. मागे शकुनवहिनी. देवीदासच्या लॉरीनं अमरावती, तिथून गाडीनं अकोला. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. गड्यानं अडवलं तर म्हणाल्या, "मास्तर आत हायेत ना? मंग मी आत जातो." मी उठून उभा राहिलो. खुर्ची कोणी दिली नाही. मी माझी दिली, त्या बसल्या नाहीत.

त्यांनी पदरातून उपरणं काढलं, टेबलावर उलगडलं. दात लाल होता, परत शेंदूर लावलेला. प्रोफेसरांना म्हणाल्या, "तुमीच नं थे सुईवाले? हा आमचा दाढोबा. माह्या सासऱ्यानं नाल्यातून आनला. आतून पाह्याचा म्हनता, त पाहा. पन शालिकचं नाव त्या कागदावरून काढा." मग वामनरावांच्या घरात वरवंटा मागितला.

मी म्हणालो, मावशी, मी फोडतो. खरं तर मला म्हणायचं होतं, फोडू नका. त्या म्हणाल्या, "राहू द्या. घरचा हाये. घरच्याच हातानं होऊ द्या."

दाताला हात जोडले. काहीतरी पुटपुटल्या. शकुनवहिनींनी तोंड फिरवलं. पहिला घाव नीट बसला नाही. दुसऱ्यानं तो उभा चिरला.

वरून नखभर जाडीपर्यंत काळपट, तेलकट. आत पांढरा, कोरडा ठणठणीत. प्रोफेसरांनी सुई तापवली, आतल्या बाजूला टेकवली. वास घेतला. पुन्हा तापवली, पुन्हा टेकवली. मग वामनरावांना वास घ्यायला लावला, डॉक्टरांना लावला. काही नाही. प्रोफेसरांचा चेहरा पडला, पण माणूस सरळ निघाला. उभे राहून म्हणाले, "मी चुकलो. दात अस्सल आहे. त्या गृहस्थावर मी खोटा आळ घेतला, असं लिहा." वामनरावांनी तुझ्या नावावर काट मारली. तुझी माफी मागणारं वाक्य माझ्यासमोर लिहिलं गेलं, पुढच्या आठवड्यात ते छापून येईल. इतवाऱ्यात त्या अडत्याला मी ते वाचून दाखवणार आहे, त्याला ऐकायचं असो नसो.

मग प्रोफेसर माझ्याकडे वळले. "म्हणजे जागेबद्दल तुम्ही म्हणत होता तेही खरं. ती ओळ तुम्ही खोटी लिहिली." मी म्हणालो, हो. त्यांनी आपल्या दोघांच्या संग्रहाची पेटी बंद केली आणि बाजूला सारली. "यांतल्या एकाचीही जागा आता धरता येणार नाही." दोन हिवाळ्यांचं काम तिथे संपलं. तुझंही संपलं, माझ्यामुळे. वाईट वाटलं का विचारशील तर फार वाटलं. आता हे लिहितानाही वाटतं आहे. वामनराव माझ्याकडे पाहत नव्हते. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

प्रोफेसरांनी दाताचे तुकडे मागितले, म्युझियमसाठी. मावशी म्हणाल्या, "पाहून झालं ना तुमचं?" आणि टेबलावरचा बारीक भुगासुद्धा तळहातानं पुसून पदरात घेतला.

मी दोघींना स्टेशनवर सोडायला आलो. बडनेऱ्यापर्यंत सोबत होतो. गाडीत शकुनवहिनी म्हणाल्या, "तुमची पत्रं हे नाही वाचत. आलं का वळचणीत खोचून ठेवतेत. मीच काढतो अन आत्याबाईले वाचून दाखोतो." म्हणजे माझी सगळी लपवाछपवी, "लिहिलं गेलं होतं" हेही, उलट्या वर्तमानपत्राचंही, मावशींनी ऐकलं आहे. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मावशींनी पिशवीतून संत्रं काढून माझ्यापुढे धरलं. लहानपणी तुमच्या घरी मी संत्र्यांशिवाय काही खात नसे, शिजवलेलं चालत नसे म्हणून. त्यांच्या अजून ध्यानात आहे. मी सोलून खाल्लं.

गाडी बडनेऱ्याला आली तेव्हा त्यांनी एक गोष्ट मागितली. म्हणाल्या, "शालिकले फोडल्याचं सांगू नका. त्याच्यापायी देव फोडला असं समजलं त थो जेवनार नाही. नाल्यात मस गोटे हायेत, तसाच एक पाहून शेंदूर लावून ठेवीन. तुमी कागदात लिहा का आखाच तपासला अन खरा निंगाला."

आणि मी "बरं" म्हणालो.

तुला हसू येईल. एवढं सगळं होऊनही मी बरं म्हणालो, तेही लगेच. समोर म्हातारी हात जोडून उभी होती, नाही कसं म्हणू? त्या अमरावतीच्या गाडीत बसल्या आणि मी मागे राहिलो, पुढच्या गाडीनं येतो म्हणून. फलाटावर बसून मावशींना हवं होतं तसं पत्र लिहून काढलं. "अख्खाच तपासला आणि खरा निघाला." वळणदार अक्षर आलं. वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या दाताबद्दल कागदावर खोटं लिहायला मी पुन्हा बसलो होतो, आणि या खेपेला मनाला बरंही वाटत होतं.

ते फाडलं. हे लिहिलं. पण हे तरी टपालात टाकून काय करू? तू उघडणार नाहीस. शकुनवहिनी उघडतील, मावशींना वाचून दाखवतील, आणि त्या वळचणीऐवजी चुलीत घालतील. बरोबरच करतील त्या.

मला वाटतं, पत्रं लिहिणं हीच माझी पळवाट झाली आहे. कागदावर लाज वाटून घ्यायला काही लागत नाही, हवं तेव्हा शाई संपली म्हणता येतं. तू पलीकडे चार कोसांवर असतोस आणि मी तुझ्याशी किती खरं बोललो म्हणून स्वतःवर खूश होतो. या पाच पत्रांत मी तुझ्या डोळ्यांत एकदाही पाहिलेलं नाही.

म्हणून हे टाकत नाही. मंगळवारी तू धामणगावहून परत येशील. त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आहे. येतो. मावशींच्या समोरच सांगेन, म्हणजे त्यांचा शब्द मी मोडला हे त्यांनाही माझ्याच तोंडून कळेल. त्या मला काय म्हणतील ते म्हणोत. ओट्यावर नाल्यातला गोटा आहे, तुझा दाढोबा तुझ्या आईनं तुझ्यासाठी तिच्या हातानं फोडला, आणि ती वेळ तिच्यावर मी आणली. तिच्यावर चिडू नकोस. चिडायला मी समोर असेन.

दार लावून घेऊ नकोस असं म्हणायचा हक्क मला नाही. लावलंस तर मी बाहेरून बोलेन. शेजारच्या मळ्यातल्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलेन.

कमलाकांत